वायफाय जोडलेले दिसते, पण टॅबवर आणि फोनवर नेट चालत नाही. लॅपटॉप मात्र व्यवस्थित

ओटीवरून

नमस्कार. आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावात असून ते जुने, जांभ्या चिऱ्याचे आहे. पुढे ओटी, ओटीला लागून एक खोली, मग माजघर आणि त्यामागे स्वयंपाकघर अशी सरळ रांग आहे. दीड वर्षापूर्वी फायबरची जोडणी घेतली, तेव्हा कंपनीच्या माणसाने मोडेम ओटीजवळच्या खोलीत भिंतीला लावून दिला. माझा लॅपटॉप त्याच खोलीत केबलने जोडलेला असतो आणि त्याच्याविषयी माझी विशेष तक्रार नाही.

तक्रार आहे ती दोन फोन आणि नातीचा टॅब यांची. ती माजघरात अभ्यासाला बसते. टॅबवर वायफायची खूण दिसत असते, रेंजच्या दोन-तीन दांड्याही दिसतात, परंतु पान उघडत नाही, आणि थोड्या वेळाने ‘जोडलेले आहे, इंटरनेट नाही’ असा मजकूर येतो. वायफाय बंद करून पुन्हा चालू केले की कधी लगेच सुरू होते, कधी तिसऱ्या खेपेस. आणि एकदा सुरू झाले की दहा मिनिटे टिकेल की दोन तास, याचा काहीही नेम नसतो. पत्नीच्या आणि माझ्या फोनचीही हीच गत आहे. मुलगी बंगळुरूहून व्हिडिओ कॉल करते तेव्हा आम्ही दोघे फोन हातात घेऊन ओटी ते परसदार अशा फेऱ्या घालत असतो.

कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. मोडेमशेजारी उभे राहून त्याने स्वतःच्या फोनवर वेग मोजला, तो पूर्ण आला, आणि ‘टॅब जुना झाला आहे, नवा घ्या’ असे सांगून तो गेला. टॅब जुना आहे हे मला मान्य आहे. पण तीन उपकरणे एकाच महिन्यात म्हातारी झाली असतील, यावर माझा विश्वास बसत नाही. मोडेम बंद-चालू करणे, टॅबमधून वायफायचे नाव पुसून पुन्हा पासवर्ड घालणे आणि टॅबच्या नेटवर्क सेटिंग्ज मूळपदावर आणणे, हे सर्व करून झाले आहे. पुढे काय पाहावे?

केबलटेस्टर

प्रथम एक गोष्ट वेगळी काढू या. वायफाय म्हणजे टॅबपासून मोडेमपर्यंतची वाट, आणि इंटरनेट म्हणजे मोडेमपासून पुढची. ‘जोडलेले आहे, इंटरनेट नाही’ असे अँड्रॉइड जेव्हा म्हणते, तेव्हा त्याने एक छोटी चाचणी घेतलेली असते: वायफायला जोडल्यावर ते गूगलच्या एका सर्व्हरकडे विचारणा पाठवते आणि तेथून २०४ या क्रमांकाचे रिकामे उत्तर येण्याची वाट पाहते. ते उत्तर आले नाही, तर हा मजकूर दिसतो. म्हणजे पहिली वाट जुळली आहे एवढेच त्यातून कळते. दुसरी कुठे तुटली, ते कळत नाही. दांड्यांवरूनही फार काही ठरवू नका, कारण किती रेंजला किती दांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते.

त्यामुळे पुढील नोंदी करून येथे लिहा. वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचे एखादे विनामूल्य अ‍ॅप घेऊन ओटीजवळची खोली, माजघर आणि स्वयंपाकघर येथे डीबीएममधील (रेंजची ताकद मोजण्याच्या एककातील) आकडा पाहा. तो उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो, आणि उणे ८० च्या पलीकडे जोडणी नावापुरतीच उरते. दुसरे, नेट अडकलेले असतानाच, काहीही बंद-चालू न करता, टॅबच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकून मोडेमचे पान उघडते का ते पाहा. ते उघडले तर घरातली वाट शाबूत आहे आणि दोष पुढे आहे असे धरता येईल. तिसरे, त्याच वेळी मोडेमवर ‘लॉस’ असे लिहिलेला दिवा लाल होतो का, याकडे लक्ष ठेवा. तो लाल झाला तर प्रकाशच येत नाही, म्हणजे फायबर तुटली आहे किंवा कुठेतरी फार वाकली आहे.

या चाचण्या फोनवर केल्यास मोबाइल डेटा आठवणीने बंद ठेवा. वायफायवर नेट नाही असे दिसले की अनेक फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतात (आयफोनमध्ये तर ही सोय २०१५ च्या आयओएस ९ पासून आहे), आणि मग आपण कशाची परीक्षा घेत आहोत तेच कळेनासे होते.

दुपारचा_चहा

आम्ही ठाण्यात राहतो आणि आमच्याकडेही अगदी असेच होत असे. सोसायटीत शेजाऱ्यांचे मिळून वीसेक राउटर दिसतात. वायफायच्या लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातल्या मार्गिका, तीनच असतात, १, ६ आणि ११, आणि राउटरला ४० मेगाहर्ट्झची रुंदी दिली तर तेही पुरत नाहीत. आम्ही रुंदी २० वर आणली, चॅनेल ‘ऑटो’वरून काढून ११ वर कायम केले आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर नेले.

मात्र ५ मध्येही एक खोच निघाली. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्याचा मोठा भाग परवान्याविना वापरण्यास मोकळा झाला, परंतु त्यातील ५२ ते १४४ हे चॅनेल रडारांसोबत वाटून घ्यावे लागतात. रडारचा सुगावा लागला की राउटरला ती जागा सोडावी लागते आणि काही क्षण घरातले वायफाय नाहीसे होते; शिवाय काही उपकरणांना हे चॅनेल दिसतच नाहीत. आम्ही ३६ वर स्थिरावलो आहोत. आपणही चॅनेल बदलून पाहावे, आणि जमल्यास सरळ मेश संच (घरभर ठेवायचे, एकमेकांशी बोलणारे अनेक राउटर) घ्यावा.

ओटीवरून

दोघांचेही आभार. आमच्या वाडीत शेजारचे घर बरेच लांब असल्याने अ‍ॅपमध्ये दुसऱ्या कोणाचे नाव दिसत नाही. गर्दीचा प्रश्न येथे नसावा.

दोन दिवस वहीत नोंदी केल्या. मोडेमच्या खोलीत उणे ४४, माजघरात उणे ७१ ते ७४, स्वयंपाकघरात उणे ५२. लॉसचा दिवा एकदाही लाल झाला नाही. नेट अडकलेले असताना १९२.१६८.१.१ चे पान टॅबवर दर वेळी उघडले, तेव्हा आपण म्हणता त्याप्रमाणे घरातली वाट ठीक असून दोष कंपनीकडेच आहे असे दिसते. फक्त एक गंमत झाली. सोमवारी पान उघडले तेव्हा ते निळ्या रंगाचे होते आणि मंगळवारी हिरवट. कंपनीने मधल्या काळात पान बदलले असावे. हिरव्या पानावर माझा पासवर्ड चालला नाही.

मीटर_घेऊन

कंपनीने पान बदलले नाही. आपले आकडे पुन्हा वाचा. मोडेमपासून एक भिंत ओलांडून माजघरात उणे ७१ आणि दोन भिंती ओलांडून स्वयंपाकघरात उणे ५२, हे कसे शक्य आहे? जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा लहरी अधिक गिळते. पावसाळ्यात तर माजघरापलीकडे फारसे काही पोहोचू नये. स्वयंपाकघरात दुसरा राउटर आहे काय?

ओटीवरून

आहे. त्याला राउटर म्हणतात हे माहीत असूनही तो लिहायचे माझ्या ध्यानातच आले नाही, कारण घरात आम्ही सगळे त्याला ‘रेंजचा डबा’ म्हणतो. मुलगा पुण्याहून आला होता तेव्हा त्याने स्वतःचा जुना राउटर आणला, मोडेमपासून माळ्यावरून केबल ओढली आणि तो स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवून दिला. ‘बाबा, नाव आणि पासवर्ड तेच ठेवले आहेत, तुम्हाला काही करावे लागणार नाही,’ असे तो म्हणाला होता. दोष साधारण तेव्हापासूनचा आहे का, असे विचाराल तर आता मागे वळून पाहता होय असेच म्हणावे लागेल. केबल डब्याच्या मागच्या पिवळ्या भोकांपैकी एकात आहे. निळे भोक रिकामे आहे.

केबलटेस्टर

मीटर_घेऊन यांना शंभर गुण, आणि माझी चाचणी या ठिकाणी फसवी ठरली हे मी कबूल करतो. १९२.१६८.१.१ चे पान दर वेळी उघडत होते ही गोष्ट खरी, पण ते कोणाचे पान होते हे विचारायला मी विसरलो.

आपल्या घरात सध्या एकाच पत्त्यावर दोन कुटुंबे राहत आहेत. मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि मुलाने आणलेल्या राउटरचा कारखान्यातून आलेला पत्ताही १९२.१६८.१.१. केबल पिवळ्या, म्हणजे लॅनच्या भोकात असल्याने दोघे एकाच जाळ्यावर आहेत. टॅबला बाहेर काही पाठवायचे झाले की तो आधी जाळ्यावर हाक देतो, ‘१९२.१६८.१.१ कोण?’ आणि दोघेही ‘मी’ म्हणून ओ देतात. मोडेमचे उत्तर ग्राह्य धरले गेले तर नेट चालते. डब्याचे धरले गेले तर टॅब आपली सगळी पाकिटे त्याच्या दारात नेऊन टाकतो, आणि त्याच्या निळ्या, म्हणजे इंटरनेटकडे जाणाऱ्या, भोकात काहीच जोडलेले नसल्यामुळे ती तेथेच पडून राहतात. काही वेळाने टॅब पुन्हा हाक देतो आणि निकाल बदलू शकतो; आपल्या ‘दहा मिनिटे की दोन तास’चे मूळ येथे आहे. निळे पान मोडेमचे, हिरवे डब्याचे.

त्यावर आणखी एक भर आहे. उपकरणांना आयपी पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, दोघेही करत आहेत, आणि एकाने कोणाला कोणता पत्ता दिला हे दुसऱ्याच्या वहीत लिहिलेले नसते. त्यामुळे एकच पत्ता दोन उपकरणांच्या वाट्याला येण्याचा धोकाही आहे.

लॅपटॉप का वाचला? तो केबलने थेट मोडेमला चिकटलेला आहे, त्यामुळे मोडेमची ओ त्याला बहुधा आधी ऐकू येते, आणि तो दिवसभर एका जागी जागा असतो. फोन आणि टॅब मात्र खिशात झोपतात, खोली बदलतात, जागे झाले की पुन्हा जोडून घेतात. दर वेळी नवा डाव मांडला जातो. लॅपटॉपलाही अधूनमधून झटका बसत असणार, पण तो आपण सोसून नेला असेल.

दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे, परंतु क्रम चुकवू नका. प्रथम डब्याची मोडेमकडून येणारी केबल उपसा. फोनचा मोबाइल डेटा बंद करून, डब्याशेजारी उभे राहून वायफाय जोडा आणि १९२.१६८.१.१ उघडा, आता हिरवेच पान येईल. न आल्यास मोडेम तेवढ्यापुरता बंद ठेवा. पासवर्ड मुलाला विचारा. तेथे लॅनच्या सेटिंगमध्ये डब्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि साठवा. पान गोठल्यासारखे होईल, कारण आपण ज्या दारात उभे होतो त्याचा क्रमांक बदललेला आहे. वायफाय बंद-चालू करून १९२.१६८.१.२ टाका. त्यानंतर, आणि त्यानंतरच, डीएचसीपी बंद करा. हे काम आधी केले तर फोनला पत्ता द्यायला कोणी उरत नाही आणि पान उघडणे जड जाते. शेवटी केबल पुन्हा पिवळ्याच भोकात लावा. डब्याच्या मेनूत ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ असा पर्याय असेल तर तो निवडल्यावर हे सगळे आपोआप होते, पण जुन्या राउटरमध्ये तो नेहमी असतोच असे नाही.

मेश संचाविषयी: माळ्यावरून केबल आधीच गेलेली असताना त्यावर पैसे घालण्याचे कारण मला दिसत नाही. केबलविना चालणारा साधा एक्स्टेंडर, म्हणजे रेंज पकडून पुढे पाठवणारा डबा, तर घेऊच नये. त्यात रेडिओ एकच असेल तर तो प्रत्येक गोष्ट आधी ऐकतो आणि मग त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो.

मीटर_घेऊन

माजघरातले उणे ७१ यानेही सुटणार नाही. माजघर दोन्ही राउटरांच्या मध्ये आहे आणि कोणाकडे राहायचे हे राउटर ठरवत नाही, उपकरण ठरवते. आयफोन आणि आयपॅड साधारण उणे ७० पर्यंत आहे त्यालाच धरून राहतात आणि त्यापुढे दुसरा शोधू लागतात. अँड्रॉइडमध्ये प्रत्येकाचा स्वभाव निराळा. डबा फ्रिजवर ठेवू नका, फ्रिज म्हणजे पत्र्याची भिंतच होय. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यातल्या दाराच्या चौकटीवर, माजघराकडे तोंड येईल असा टांगा. चिऱ्यातून जाण्यापेक्षा लहरींना उघडे दार सोपे पडते. मोडेमला २.४ मध्ये चॅनेल १ द्या, डब्याला ११ द्या, दोन्हीकडे सुरक्षेचा प्रकार एकच ठेवा. टॅब जुना असेल तर फक्त डब्ल्यूपीए३ निवडू नका. तो जोडलाच जाणार नाही. डब्ल्यूपीए२ पुरेसा आहे.

आणि मीटर हातात असेल तर डब्याच्या अ‍ॅडॉप्टरकडेही एकदा पाहा. जुन्या अ‍ॅडॉप्टरमधले कपॅसिटर थकतात, मोकळा असताना तो १२ व्होल्ट दाखवतो आणि भार आला की खाली बसतो. मग राउटर मध्येच स्वतःहून बंद होऊन चालू होतो आणि आपण सेटिंग्ज चाळत बसतो.

किनाऱ्यावरचे_घर

धाग्यात मध्येच शिरतो, क्षमस्व. आमचे मालवणजवळ छोटे होमस्टे आहे आणि मे महिन्यात पाहुण्यांचे फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ येथेच अडकतात. हेही असेच दोन राउटरांचे प्रकरण असेल का? आमच्याकडे राउटर एकच आहे.

केबलटेस्टर

नाही. आपल्याकडे बहुधा पत्ते संपत असावेत. डीएचसीपीच्या पानावर किती पत्ते वाटायचे आणि किती वेळासाठी, हे लिहिलेले असते. सकाळी निघून गेलेल्या पाहुण्याचा पत्ता मुदत संपेपर्यंत अडकून राहतो, आणि अँड्रॉइड १० व आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाची कारखान्यातून आलेली ओळख) लपवून बनावट पत्ता देतात, त्यामुळे एकच फोन वायफायचे नाव पुसून पुन्हा जोडला तर कधीकधी राउटरला तो नवा पाहुणा वाटतो. पत्त्यांची रांग १९२.१६८.१.१० ते १९२.१६८.१.२५० अशी लांबवा आणि मुदत एक दिवसाऐवजी दोन तास ठेवा. मॅक पत्त्यांची यादी करून अडवणूक केलेली असेल तर ती आधी काढा.

ओटीवरून

काल रात्री मुलाशी फोनवर बोलत बोलत सर्व केले. आपण म्हणालात तसे पान गोठले तेव्हा क्षणभर धडधडले, पण १९२.१६८.१.२ टाकताच हिरवे पान परत आले. डबा दाराच्या चौकटीवर खुंटीला टांगला आहे. पत्नीला ते दृश्य आवडलेले नाही, परंतु माजघरात आता उणे ५८ दिसते. सकाळपासून तिन्ही उपकरणे एकदाही अडकली नाहीत. लॅपटॉपविषयीचा आपला अंदाजही बरोबर निघाला: सकाळी वर्तमानपत्र उघडताना तो मधूनच थांबत असे आणि मी तो सर्व्हरचा दोष समजत होतो.

अ‍ॅडॉप्टर तपासला, तो ठीक आहे. डब्यावर चिकटपट्टी लावून ‘पत्ता १९२.१६८.१.२, डीएचसीपी बंद, मागचे रीसेटचे बारीक भोक दाबू नये’ असे लिहून ठेवले आहे, कारण कंपनीचा माणूस पुढच्या वेळी आला तर तो आधी तेच दाबेल, अशी मला दाट शंका आहे.

एकच गोष्ट उरली. नातीच्या टॅबवर तिच्या अभ्यासाचे एक संकेतस्थळ अजूनही उघडत नाही, ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे येते. बाकी सर्व चालते, आणि तेच संकेतस्थळ माझ्या फोनवर उघडते. टॅबवर अँड्रॉइड ७.० आहे.

मीटर_घेऊन

आधी टॅबची तारीख आणि वेळ तपासा. ती चुकली असली तरी हेच दिसते. ती बरोबर असेल तर हा वायफायचा दोष नव्हे, आणि एवढ्यापुरते कंपनीच्या माणसाचे म्हणणे खरे ठरते. असंख्य संकेतस्थळे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे (संकेतस्थळ खरे असल्याची ब्राउझरला खात्री देणारे दाखले) वापरतात. त्यांच्या मूळ प्रमाणपत्राची ओळख अँड्रॉइडला ७.१.१ पासूनच आहे. त्याआधीच्या उपकरणांसाठी एका जुन्या प्रमाणपत्राचा आधार देऊन काम चालवले जात होते, तो आधार सप्टेंबर २०२४ मध्ये संपला. टॅबला ७.१.१ किंवा त्यापुढची आवृत्ती मिळत असेल तर ती घ्या. मिळत नसेल, तर प्रमाणपत्रांची यादी स्वतःसोबत बाळगणारा एखादा ब्राउझर त्या टॅबवर बसतो का ते पाहा. फायरफॉक्स त्या प्रकारचा आहे, मात्र त्याची ७.० वर चालणारी आवृत्ती शोधावी लागेल. तोपर्यंत ते एक संकेतस्थळ आपल्या फोनवर उघडून द्या.